हातानं की हवेनं

ल्यों, ३ मार्च १९२४

प्रिय क्लेमांस,

आपल्या शहरातले पुरुष सकाळी नऊ वाजता आतड्यांची भाजी खातात आणि त्यावर लाल वाइन पितात, याचा मला आजवर अभिमान होता. आज तो संपला. यापुढे कुणी माझ्यासमोर ती बशी ठेवली तर मी उठून जाईन.

आमच्या कारखान्यात महत्त्वाचं काहीही कचेरीत ठरत नाही, हे तुला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या खानावळीत ठरतं. आज मस्यू पेराशोंनी माझा आराखडा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार ग्लास ठेवले, आणि मधोमध, बरोब्बर गिअरच्या पेटीवर, आतड्यांची वाफाळती बशी ठेवली. मुख्य इंजिनिअर! बशी उचलली तेव्हा खाली चरबीचा गोल डाग. तो बोटानं पुसायला गेला आणि डाग दुप्पट झाला. ते बोट त्यानं चाटलं. मी बघत होतो.

प्रश्न साधा आहे. पेटी तयार आहे. आतली दातेरी चाकं कायमची एकमेकांत अडकलेली, बाहेरून एखादा पट्टा आवळला की वेग बदलतो, आणि एकदा आवळला की खटका त्याला धरून ठेवतो. आता हा पट्टा आवळायचा कुणी?

गोनार म्हणाला, "हातानं. हातभर दांडा लावा. देवानं हात कशाला दिलेत?" गोनार आमचा चाचणीचा ड्रायव्हर. लढाईच्या आधी शर्यती जिंकलेला, मिशांना मेण लावणारा, लसूण सतत चघळणारा. हसला तेव्हा तो लसूण मला दिसला. देवानं दिलेल्या उजव्या हातातली तीन बोटं तोफगोळ्यांच्या कारखान्यात देशाला देऊन आलेली एक मुलगी मला माहीत आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला मारावंही लागलं असतं.

मी म्हणालो, विजेची चुंबकं लावू. पेराशों म्हणाला, दिवे लावले की बॅटरी मरते, मग अंधारात गिअर बदलायचा की रस्ता बघायचा? कुणी म्हणालं, तेलाचा दाब. पण जानेवारीत तेलाचा मध होतो. शेवटी पेराशोंनी पाव रश्श्यात बुडवला आणि म्हणाला, "इंजिन हवा आत खेचतंच की नाही? त्या ओढीलाच कामाला लावा. एक नळी, एक नळकांडं, आत एक दट्ट्या. ओढ पट्टा आवळेल. ड्रायव्हरनं फक्त स्टिअरिंगखालची चमच्याएवढी कांडी सरकवायची. आणि ओढ फुकट आहे!"

म्हणजे माझ्या कॉलेजच्या दोन वर्षांच्या गणितापेक्षा 'फुकट' हा शब्द भारी ठरला. पण क्लेमांस, खरं सांगू? मी आतून उड्या मारत होतो. कारण कांडी राहिली, आणि ही तीच चाचणीची गाडी, जिच्यावर मी कांडी आणि चुंबकं आधीच लावून पाहिली होती आणि जिच्यात मी तुला चार रविवार सोन नदीच्या काठानं शिकवलं. पेराशोंला वाटतं मी 'इंजिन सरावाचं करत' होतो! डाव्या हातानं तू स्टिअरिंग धरायचीस, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटानं कांडी सरकवायचीस, आणि मी म्हणायचो, पाय उचल, श्वास घे, मग दाब. तू श्वास घ्यायचीस तेव्हा माझा अडकायचा. आता लिहूनच टाकलं.

पुढच्या गुरुवारी गोनार गाडी तुमच्या घाटावर, पँ-बुशँवर नेणार आहे. मीही सोबत असेन, लसणाच्या वासात.

तुझाच,
आंतेल्म

*

तारार, ७ मार्च

आंतेल्म,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताचं आहे, टोमणा मारायचा नाही.

तुला चरबीच्या एका डागाची किळस आली. इकडे ये. आमच्या गिरणीत मखमल ज्योतीवरून फिरवतात, वर आलेले तंतू जाळायला. दिवसभर जळक्या केसांचा वास. मी घडीखात्यात आहे, म्हणजे जळलेलं कापड माझ्याकडे अजून गरम असताना येतं. दोन्ही हात असलेल्या बायका घड्या घालतात, मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवते. मुकादम परवा म्हणाला, "क्लेमांस, तुला इथं ठेवलंय हे उपकार समज." डिंकाचा ब्रश त्याच्या तोंडात घालावासा वाटला. पण उपकाराचा डिंक आहे, वाया कशाला घालवू.

आता ऐक, कारण हे तुला मी नीट सांगितलं नव्हतं. आमच्या गावातला गाड्यांचा विक्रेता फ्लाशा, त्याच्याकडे मी पुन्हा गेले होते. म्हातारा सरळ माणूस आहे. म्हणाला, "पोरी, बायका दुकानात येतात, गाडीला हात लावतात, आणि नवरा म्हणतो हे बायकांचं काम नव्हे. गाडी चालवून दाखवणारी बाईच मला हवी आहे. पण तुझा हात असा. ही नवी कांडीची गाडी जर खरंच आली आणि तू ती घाटावर नेऊन दाखवलीस, तर दुकानाची गाडी तुझ्या हवाली."

म्हणजे समजलं ना? तुमच्या त्या पेटीला हात लागणार की हवा, यावर मी गिरणीत म्हातारी होणार की नाही हे ठरणार आहे. जुन्या गाडीचा तो दांडा उजव्या बाजूला. डावा हात पलीकडे नेला तर स्टिअरिंग कोण धरणार, दोन बोटं? घाटात?

शेवटच्या परिच्छेदात श्वासाबद्दल काहीतरी लिहिलंयस. मी ते वाचलं नाही असं समज. पुन्हा लिहिलंस तर बघू.

क्लेमांस

*

ल्यों, १५ मार्च

प्रिय क्लेमांस,

संपलं. लिहायचीही लाज वाटते.

तिसऱ्या वळणापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. तिथं चढ एकदम अंगावर येतो. गोनारनं कांडी खाली सरकवली, काही नाही. परत सरकवली, काही नाही. इंजिन धापा टाकायला लागलं, गाडी थांबली आणि मागं घसरायला लागली. मी उडी मारून चाकाखाली दगड घातला. माझा गुडघा फुटला, आणि हा माणूस आत बसून मिशा सावरत म्हणतो, "काय रे कॉलेजकुमार, तुझी हवा कुठं गेली?" मग पेराशोंची आई, माझी आई, आणि ज्यानं पहिली नळी शोधली त्याची आई, सगळ्यांचा उद्धार झाला.

शेवटी एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला. दोर बांधता बांधता विचारतो, "याला गिअर किती?" गोनार म्हणाला, चार. तो म्हणाला, "माझ्या बैलांना एकच आहे. पण तो पडतो." गोनार एवढा हसला की मला त्याची शिसारी आली. हरल्यावर हसणारा माणूस पाहिला की मला वाटतं, हा हरावं म्हणूनच आला होता.

पण हवा गेली म्हणाला ते खोटं नव्हतं, हेच तर घाणेरडं आहे. मी आकडेमोड करून बसलो. पेट्रोलचं पेडल पूर्ण दाबलं की इंजिनची झडप सताड उघडते. झडप उघडी म्हणजे हवा मोकळी, आणि हवा मोकळी म्हणजे ओढ शून्य. चढावर माणूस पेडल दाबणारच. म्हणजे खालचा गिअर जेव्हा सगळ्यात जास्त हवा, नेमकी तेव्हाच ओढ नाही! राखीव टाकी आहे, पण तिच्यात एका बदलापुरती ओढ मावते. घाटाला तीन लागतात. पेराशोंची ती फुकटची ओढ! मित्राला कर्ज मागायला जावं आणि नेमका त्याच दिवशी तो गावाला गेलेला असावा, तशी ती ओढ आहे.

म्हणून मी लिहून दिलं. सहीनिशी. ही पद्धत चढावर चालू शकत नाही, दांडा लावा. पेराशोंनी वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून चिकट लागते.

मला माहीत आहे तुला काय वाटेल. पण क्लेमांस, त्या वळणावर आत तू असतीस तर? मागं दरी, चाकाखाली दगड घालायला कुणी नाही. ही गाडी तुला मी चालवू देणार नाही. आणि खरं म्हणजे तुला ती चालवायची गरजच काय? मी आहे. माझा पगार आहे. गिरणी सोड, इकडे ये, आपण लग्न करू. तुझ्या हातानं तुला काहीही करावं लागणार नाही.

पुन्हा लिहिलं, बघ.

आंतेल्म

*

तारार, १८ मार्च

आंतेल्म,

तुझं पत्र मी गिरणीत वाचलं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय गं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी मला मागणी घातली आहे. तोंडावरून ओळखू येत नव्हतं म्हणे.

'तुझ्या हातानं तुला काहीही करावं लागणार नाही.' हे तू लिहिलंस. तू! मुकादम निदान उपकार म्हणतो, तू त्याला प्रेम म्हणतोस. मला दोन्हींची सारखीच मळमळ आली.

आणि तू 'चालू शकत नाही' असं सहीनिशी लिहून दिलंस? आता वाच आणि खुर्ची घट्ट धर.

तुझा तो गोनार गुरुवारी गाडी फ्लाशाच्या आवारात टाकून शिव्या देत आगगाडीनं ल्योंला गेला, आठवतं? तूही लंगडत त्याच्या मागे गेलास, मला न भेटता. शुक्रवारी सकाळी मी गिरणीला दांडी मारली आणि फ्लाशाला म्हटलं, मला वर नेऊ दे. तो म्हणाला, गोनारला नाही जमलं. मी म्हटलं, म्हणूनच. त्यानं डोक्यावरची टोपी मागं सरकवली आणि स्वतः शेजारी बसला, हातात जपमाळ घेऊन. देवाची शपथ, जपमाळ!

आंतेल्म, मी पँ-बुशँच्या माथ्यावर गेले. तुझ्या त्या तिसऱ्या वळणावर कांडी सरकवली, पाय उचलला, आत खट्ट झालं, पाय दाबला, गाडी वर. पुढं पुन्हा. आणि पुन्हा. वर जाऊन वळवली, खाली आणली, आणि परत नेली, कारण फ्लाशा म्हणाला की पहिल्या खेपेला त्याचे डोळे मिटलेले होते.

मला आकडेमोड येत नाही. पण पाय उचलला की तुझी ती झडप बंद होत असणार आणि ओढ परत येत असणार, एवढं मला डिंक लावता लावता कळलं. शिकवलंसही तूच. मग गोनार पाय उचलत नाही का? एवढा मोठा ड्रायव्हर! आकडे ठेव बाजूला आणि त्याचा पाय बघ.

लग्नाबद्दल विचारलंस. ज्यानं माझी गाडी सही करून मारली त्याला मी काय उत्तर देऊ, तूच सांग.

क्लेमांस

*

ल्यों, २६ मार्च

क्लेमांस, क्लेमांस,

मी गाढव आहे. मी गोनारच्या पायाशी झोपलो!

खरंच झोपलो, गाडीच्या तळावर, उताणा, मान पेडलांजवळ. कारण त्याला विचारलं तर म्हणाला, "मी? गिअर उतरवताना पेट्रोल दाबतो? वेडा झालास का?" म्हणून म्हटलं बघूच. त्या बुटाचा वास वर्णन करत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल. पण दर वेळी, क्लेमांस, दर वेळी! कांडी खाली सरकवली की त्याचा उजवा बूट आपोआप पेडलवर एक दणका देतो. जुन्या पेटीत तसंच करावं लागतं ना, चाकांचे वेग जुळावेत म्हणून. तो दणका जमला की माणूस ड्रायव्हर झाला असं समजतात. आमच्या या पेटीत त्याची गरजच नाही, उलट नेमक्या त्याच क्षणी ओढ मरते. मी ओरडलो, पाय उचला! तो म्हणाला, उचललाय की! आणि बूट माझ्या नाकासमोर पेडल दाबून बसलेला. मग मी चालवली. माझाही पाय तेच करतो! तुला शिकवताना मी फक्त तोंडानं बरोबर होतो. चांगल्या ड्रायव्हरला ही गाडी चालवता येत नाही, कारण तो चांगला ड्रायव्हर आहे. तुला येते, कारण दांडा तुझ्या हाती कधी आलाच नाही.

मी धावत खानावळीत गेलो. सगळं सांगितलं. माझी सही चुकीची आहे म्हणालो. एक मुलगी घाट दोनदा चढून आली म्हणालो.

पेराशों घास चावत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे ज्याला गाडी येते त्याला ही येत नाही, आणि जिला येत नाही तिला येते. बरं. मी गाड्या विकतो कुणाला? ज्यांना येते त्यांना. त्यांना मी काय सांगू, आधी विसरा आणि मग या?"

मी म्हणालो, आठवड्यात सवय मोडते.

तो म्हणाला, "कुठली मुलगी म्हणालास? तीच का, फ्लाशाच्या दुकानात घुटमळणारी? थोटी?" चमचा माझ्याकडे रोखून म्हणतो, "अरे, थोटी पोरगी दुकानात उभी राहिली तर लोक म्हणतील ही पांगळ्यांची गाडी. लढाईनं देशात थोटे कमी का ठेवलेत? ते सगळे माझ्या दारात नकोत. अंगावर काटा येतो, जेवण जात नाही." आणि हे बोलताना तोंडात आतडं! हनुवटीवरून रस्सा ओघळतोय! आणि जेवण जात नाही म्हणे!

मी ती बशी उचलली आणि त्याच्या डोक्यावर पालथी केली.

नोकरी सोडली. आता दांडाच ठरलाय, पण ठरू दे, त्या घाणीत एक दिवसही राहणार नव्हतो. कॉलेज सोडलं तेव्हाही एवढं हलकं वाटलं नव्हतं. हे तुझ्यासाठी केलं. मी पुढच्या शनिवारी तारारला येतो, फुलं घेऊन. सही करून मारलेली तुझी गाडी मी परत आणू शकत नाही, पण बदला घेतलाय.

आंतेल्म

*

तारार, ३० मार्च

आंतेल्म,

येऊ नकोस.

बशीचं वाचून मी हसले, खोटं बोलत नाही. मोठ्यानं हसले. मग पत्र खाली ठेवलं आणि हसू गेलं.

कॉलेजात प्राध्यापक मूर्ख होता, म्हणून तू कॉलेज सोडलंस. कारखान्यात पेराशों नीच आहे, म्हणून कारखाना सोडलास. तो नीच आहेच. मला थोटी म्हणणारा तो पहिला नाही, आणि मी काही त्या शब्दानं मरत नाही. रोज तो शब्द ऐकून मी रोज सकाळी गिरणीत जाते. तुला एकदा ऐकला आणि तू दार आपटून बाहेर. वर म्हणतोस, माझ्यासाठी. मला कुणी विचारलं? त्या अख्ख्या इमारतीत ही कांडी कशी चालते हे समजणारा एकच माणूस होता. तो आता फुलं निवडत हिंडतोय.

रागाची मला किळस नाही. तुझा राग खरा आहे. पण तो नेहमी बाहेरच का पडतो? आत का राहत नाही?

आता जे सांगते त्यानं तुला अजून वाईट वाटेल, वाटू दे. मंगळवारी फ्लाशाकडे द्युपेरे नावाचा माणूस आला होता, बोजोलेतला वाइनचा व्यापारी. उजवी बाही खांद्याशी टाचणीनं दुमडलेली. लढाईतलीच. घोडागाडी चालवतो, पण गिऱ्हाईकं लांबची. फ्लाशानं त्याला माझ्याबद्दल सांगितलं. द्युपेरेनं मला पायापासून हातापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वर नेलीस?" मी म्हटलं, दोनदा. तो म्हणाला, "मला शिकवशील?" त्याच्या आवाजात दया नव्हती रे. भूक होती.

मी काय सांगणार? गाडी ल्योंला परत गेली. नळकांडं उतरवलं असेल. तो म्हणाला, कुणी एक गाडी बांधून देणार असेल तर मी आज मागणी लिहून देतो, आणि ओळखीचे आणखीही आहेत, रिकाम्या बाहीचे. फ्लाशा म्हणाला, कारखान्यात आतला माणूस हवा. दोघं माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, होता.

द्युपेरेची लेखी मागणी सोबत पाठवते आहे. तुझ्या काय उपयोगाची, माहीत नाही.

क्लेमांस

*

ल्यों, २४ एप्रिल

क्लेमांस,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, पण तेही सांगावंसं वाटत नाही.

मी परत गेलो. पहिल्या दिवशी दरवानानंच हाकललं. दुसऱ्या दिवशी पेराशोंनी मला आराखड्यांच्या खोलीत बोलावलं, सगळ्यांना टेबलं सोडून उभं केलं आणि म्हणाला, "बोल." मी माफी मागितली. तो म्हणाला, ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं मागितली. गोनार मागून म्हणाला, "पाय उचलून बोल रे, ओढ येईल!" सगळे हसले. आपलंच थुंकलेलं चाटायचं म्हणजे काय हे मला आजवर ठाऊक नव्हतं. चव मरत नाही, एवढंच सांगतो.

माझं टेबल गेलं. आता मी खाली ओतशाळेत आहे, ओतलेल्या तुकड्यांच्या कडा कानशीनं घासतो. पंपाच्या दट्ट्याच्या चामडी वाट्या माशाच्या तेलात भिजवायच्या असतात, ते काम मुद्दाम माझ्याकडे दिलंय. हात धुतले तरी वास जात नाही. पावाला येतो, उशीला येतो, या कागदालाही येत असेल.

मग मी द्युपेरेची मागणी पेराशोंपुढं ठेवली. त्यानं ती दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. दोनदा वाचली. विकणारा माणूस आहे तो, तोंड फिरवता येईना. म्हणाला, "एक गाडी. नळकांडं तू लाव, कामाचे तास संपल्यावर. पण रेडिएटरवर आपल्या नावाची पाटी लागणार नाही. कुणी विचारलं तर ती आम्ही बनवलेली नाही." माझा हात टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे गेला होता, कबूल करतो. मग मी तो खिशात घातला आणि म्हणालो, बरं, मस्यू.

नळकांडं बसवलं. स्टिअरिंगखालची कांडी मी जराशी लांब ठेवली आहे, द्युपेरेला डाव्या हातानं स्टिअरिंग न सोडता बोट पोचावं म्हणून. तुलाही जमेल.

फ्लाशाला सांग, शनिवारी दोन वाजता द्युपेरेला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी यायचं. तूही ये. स्टिअरिंगमागे तू बस आणि तारारपर्यंत तूच ने. पाटीच्या जागी चार भोकं दिसतील. मी ती बुजवली नाहीत, बघणाऱ्यानं विचारावं म्हणून.

मला शोधू नकोस. मी फाटकाशी येणार नाही, फुलंही नाहीत. दोनला गाडी बाहेर पडेल आणि भोंगा सहाचा आहे. तोवर मी आत आहे.

आंतेल्म